‘इवोवाए’ म्हणजे काय? जुन्या चर्चसंगीताच्या पानावरचा एक शब्द

पाऊलवाट

मंडळी, एक विचित्र शब्द घेऊन आलोय. मदत करा.

मागच्या महिन्यात लिस्बनला जाणं झालं. तिथे मंगळवारी आणि शनिवारी ‘फेरा दा लाद्रा’ भरतो. नावाचा अर्थच ‘चोरटीचा बाजार’, म्हणजे आपल्या चोरबाजाराची मावशी. एका म्हातारबांकडे लाकडी चौकटीत बसवलेलं भलंमोठं पान दिसलं. कागद नाही, कातडं. तांबड्या रेषा, त्यांवर काळे चौकोनी ठिपके आणि खाली ठसठशीत अक्षरं. चर्चमधलं जुनं गाण्याचं पान आहे एवढं कळलं. घासाघीस करून घेतलं, विमानात मांडीवर ठेवून आणलं, भिंतीला लावलं. बायकोचा पहिला प्रश्न: “लिहिलंय काय त्यावर?”

तेव्हापासून भिंग घेऊन बसलोय. अक्षरं लावत गेलो तर असं निघतंय: “दिक्सित दॉमिनुस दॉमिनो मेओ सेदे आ देक्सत्रिस मेइस”. मग तांबड्या शाईत ‘पी-एस’, म्हणजे ताजा कलम असावा. पुढे पुन्हा “दिक्सित दॉमिनुस”. आणि सगळ्यात शेवटी, एकेका ठिपक्याखाली सुटीसुटी सहा अक्षरं: ई, व्ही, ओ, व्ही, ए, ई. झालं की हे ‘इवोवाए’.

बाकीच्या लॅटिनचा अर्थ थोडाफार शोधता आला. हा एक शब्द मात्र घरातल्या लॅटिन कोशात नाही. भाषांतराचं अ‍ॅप तो जसाच्या तसा परत देतं. कुणाला काही माहीत आहे का? की लिहिणाऱ्याचं नाव आहे हे?

गिरणगाव

‘मेइस’ म्हणजे म्हैस. शेवटचा शब्द म्हणजे दूध काढताना गवळी म्हशीला घालतो ती साद. इवोवाऽऽए. पुढचा प्रश्न?

शब्दवेडी

थांबा थांबा, हा शब्द माझ्या ओळखीचा आहे! फक्त मला तो ‘यू’ घालून माहीत आहे: ई-यू-ओ-यू-ए-ई. निव्वळ स्वरांचा बनलेला इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. शब्दखेळ खेळणाऱ्या प्रत्येकाने तो कधी ना कधी पाठ केलेला असतो. अर्थ मात्र कुणी विचारत नाही, ‘मध्ययुगीन संगीतातली संज्ञा’ एवढं पुरतं.

लॅटिनमध्ये ‘यू’ आणि ‘व्ही’ ही मुळात एकाच अक्षराची रूपं. ती दोन वेगळी अक्षरं मानायची पद्धत छपाई रुळल्यावर, सोळाव्या-सतराव्या शतकात बसत गेली. म्हणजे तुमचा ‘इवोवाए’ आणि माझा ‘एउओउआए’ एकच.

अर्थाबद्दल माझा एक अंदाज. बॅकस हा मद्याचा देव. त्याच्या उत्सवात बेभान झालेल्या बायका ‘एवोए! एवोए!’ असं ओरडत, आणि लॅटिन काव्यात ती आरोळी येते. तिचंच हे लांबवलेलं रूप नसेल? चर्चने जुन्या लोकांचे सण घेतले, तशी आरोळीही घेतली असेल.

वेदघोष

ताईंनी पुढचं पाऊल टाकायला हवं होतं. सामगान ऐकलं आहे का कुणी? त्यात ऋचेच्या मध्ये अर्थ नसलेली अक्षरं घालतात, त्यांना स्तोभ म्हणतात. हाउ हाउ हाउ, आणि औहोवा. परत वाचा: औहोवा. आता ‘इवोवाए’ वाचा. देवासमोर गायचं, शेवटी गायचं, कोशात अर्थ नाही. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? आपल्याकडून अलेक्झांड्रियामार्गे गेलेलं दिसतं.

तंबोरा

वेदघोष, कानाला जवळचं वाटतं हे खरं. पण कानाला तर ‘मेइस’ आणि म्हैसही जवळचं वाटलं. दोन गोष्टी सारख्या ऐकू आल्या की मार्ग आपोआप अलेक्झांड्रियातून कसा जातो, हे मला कधी कळलेलं नाही.

पाऊलवाट, त्या सहा अक्षरांवर प्रत्येकी एकच ठिपका आहे की काहींवर जास्त?

पाऊलवाट

बहुतेकांवर एक, एका अक्षरावर दोन चिकटून. आणि हो, ठिपके वरून खाली उतरत येतात, जिन्यासारखे.

दक्षिणवारा

आता मला बोलायलाच हवं. माझे आजोबा गोव्यात सासष्टीतल्या एका गावच्या चर्चमध्ये मेस्त्र होते. मेस्त्र म्हणजे गायकवृंदाचा मास्तर. लग्न, मरण, फेस्त, सगळीकडे तोच. पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळांमधून मुलांना सोल्फा, म्हणजे तिकडचं सारेगम, आणि व्हायोलिन शिकवणारेही हेच लोक. त्यांच्याकडे चौकोनी स्वरांची एक जाडजूड पुस्तिका होती आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक पानावर हा शब्द होता. मी सहावीत असताना विचारलं होतं, “आजोबा, हे इवोवाए कोण?” ते म्हणाले, “कोणी नाही. तो गायचा नसतो, बघायचा असतो.” आणि मग समजावलं. तेच इथे लिहितो.

हा शब्दच नाही. चर्चमध्ये प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी एक ठरलेली स्तुती म्हणतात: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा गौरव असो; जसा आरंभी होता तसा आता आणि सदैव, युगानुयुगे, आमेन. लॅटिनमध्ये तिचा शेवट असा होतो: “एत इन सेकुला सेकुलोरुम आमेन”.

आता ‘सेकुलोरुम आमेन’ची फोड करा. से-कु-लो-रुम-आ-मेन. अक्षरं सहा. व्यंजनं काढून टाका. ए, उ, ओ, उ, आ, ए. उरलं ते तुमच्या भिंतीवर आहे.

म्हणजे ‘इवोवाए’ हा लघुरूप करून लिहिलेला ‘युगानुयुगे, आमेन’ आहे, त्याच्या फक्त स्वरांनी. बॅकस नाही, सामवेद नाही, म्हैस नाही.

गिरणगाव

म्हैस गेली याचं दुःख आहे.

शब्दवेडी

म्हणजे गिनीजमधला तो शब्द चक्क संक्षेप आहे? मी वीस वर्षं लोकांना हा ‘शब्द’ सांगत आलेय. लाज वाटायला हवी, पण मजाच जास्त वाटतेय.

तरी एक शंका. संक्षेप करायचा तर माणूस सुरुवातीची अक्षरं घेतो. ‘से. आ.’ लिहिलं असतं तर भागलं नसतं? नुसते स्वर का?

दक्षिणवारा

कारण इथे शब्द वाचवायचा नाहीये, चाल दाखवायची आहे. सहा अक्षरांवर सहा जागा हव्यात, म्हणजे कुठल्या अक्षरावर कुठला सूर हे दिसतं. ‘से. आ.’वर दोनच जागा मिळतील. अर्थात सगळेच लेखनिक असं करत नव्हते. काही हस्तलिखितांत ‘सेकुलोरुम आमेन’ पूर्ण लिहिलेलं सापडतं. पण चामडं महाग आणि असं प्रत्येक गाण्याखाली लिहायचं, तेव्हा स्वरांवर भागवणं सोयीचं. ‘आलेलुइया’चंही तेच करत, नुसतं ‘एविया’ लिहीत: आ, ए, उ, इ, आ. तिथेही ‘उ’चा ‘व’ झालाच.

तंबोरा

आणि आपल्याला तर हे वेगळं समजवायला नको! आपल्याकडे ‘स्वर’ म्हणजे अआइई पण आणि सारेगम पण. व्यंजन एकटं गाता येत नाही, ‘क्’वर कोण आलाप घेणार? गाताना व्यंजन हा फक्त दरवाजा, सूर राहतो तो स्वरात. त्या लेखनिकाने दरवाजे काढून नुसत्या खोल्या काढल्या. मराठी माणसाने हे वाचून ‘अरेच्चा’ म्हणायच्या ऐवजी ‘मग काय!’ म्हणायला पाहिजे.

पण दक्षिणवारा, मूळ प्रश्न राहिलाच. ‘युगानुयुगे आमेन’ ही ओळ सगळ्यांना तोंडपाठ असणार. मग तिची चाल प्रत्येक गाण्याखाली पुन्हा पुन्हा का लिहायची?

दक्षिणवारा

बरोब्बर तिथे आलात. गंमत सगळी तिथेच आहे.

वेस्पर म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. तिथे स्तोत्रं गातात ती आपल्याकडे अथर्वशीर्ष म्हणतात त्या वळणाची: बरीचशी ओळ एकाच सुरावर, मध्ये छोटीशी मुरड, शेवटी दुसरी मुरड. अशा आठ चाली आहेत. नववी एक आहे, तिला ‘भटकी चाल’ म्हणतात, कारण तिचा मुख्य सूर अर्ध्या ओळीनंतर बदलतो. कुठलंही स्तोत्र यांपैकी कुठल्याही चालीत बसवता येतं, कारण ओळ लांब असली तर त्या एका सुरावर जास्त वेळ थांबायचं, एवढंच.

स्तोत्राच्या आधी आणि नंतर एक छोटं गाणं असतं, त्याला अँटिफन म्हणतात. त्याला स्वतःची नीट बांधलेली चाल असते. क्रम असा: अँटिफन, मग स्तोत्राच्या ओळी (अर्धे गायक एक ओळ, उरलेले अर्धे पुढची), मग ती ‘पिता-पुत्र’ स्तुती, आणि लगेच पुन्हा तोच अँटिफन.

आता बघा. स्तुतीचा शेवट म्हणजे ‘सेकुलोरुम आमेन’. त्याला लागून अँटिफनचा पहिला सूर. पण प्रत्येक अँटिफन वेगळ्या सुरावर सुरू होतो. शेवटची मुरड जर नेहमी एकच ठेवली तर कधी सहज पुढे जाता येईल, कधी धाडकन उडी मारावी लागेल. म्हणून एकाच चालीला निरनिराळे शेवट ठेवले आहेत. ज्या अँटिफनला जो शेवट जुळतो तो त्याच्याखाली लिहून ठेवायचा, ‘सेकुलोरुम आमेन’च्या सहा जागांवर. गायक ती सहा अक्षरं बघतो आणि स्तोत्राची प्रत्येक ओळ त्याच मुरडीने संपवतो.

म्हणून आजोबा म्हणायचे, गायचा नसतो, बघायचा असतो. तोंडाने ‘इवोवाए’ असं कुणी म्हणत नाही.

तंबोरा

अहो, हा तर मुखडा पकडणं आहे! तान कुठेही हिंडून येऊ दे, शेवटचे चार सूर असे पडले पाहिजेत की मुखडा हातात अलगद यावा. भजनातही तेच. कडवं संपवताना बुवा असं वळण घेतात की टाळकऱ्यांना ध्रुपद आपोआप सुचतं. आपल्याकडे हे वळण गुरूच्या तोंडून शिकायचं. यांनी ते सहा अक्षरांत लिहून ठेवलं.

गाथ्यात ‘॥ध्रु.॥’ असतं, त्याचा हा चुलतभाऊ म्हणता येईल. तिथे कुठे परतायचं ते सांगितलेलं असतं. इथे परतायचं कसं, ते.

शब्दवेडी

तंबोरा, हे वाचून मला पहिल्यांदा तान कशासाठी असते ते कळलं. आईने आठ वर्षं क्लासला घातलं होतं.

वसईवाला

सुंदर धागा. आमच्याकडे वसईत सगळी उपासना मराठीत, त्यामुळे माझ्या पिढीने लॅटिन फार ऐकलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेबद्दलचा जो दस्तऐवज काढला, त्याने लोकभाषेला दार उघडलं. त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे याच जुन्या लॅटिन चर्चगायनाला, मानाचं स्थान द्यावं असंही लिहिलं आहे. दार उघडलं ते सगळ्यांना दिसलं, मानाचं स्थान पुस्तकात राहिलं. माझी तक्रार नाही, आजीला आपल्या भाषेत प्रार्थना कळली हे मोठंच काम झालं. पण अशा गोष्टी वाचल्या की हळहळ वाटते.

बाकी, आपणही करून बघू. ‘युगानुयुगे आमेन’: यु-गा-नु-यु-गे-आ-मेन. उ आ उ उ ए आ ए. सात स्वर! लॅटिनपेक्षा एक जास्त. शब्दवेडी, गिनीजला कळवता का?

शब्दवेडी

उआउउएआए. पाठ करायला घेतलं. उच्चारताना शेजाऱ्यांचं कुत्रं उठलं.

वेदघोष

सेकुलोरुम आमेनची फोड बिनतोड आहे, हे मान्य. पण मला एवढं सांगा, निरर्थक अक्षरं गाण्यात वापरायची परंपरा तिकडे नव्हतीच का? माझा मुद्दा तो होता.

(तंबोरा, मुद्दा तोच होता. अलेक्झांड्रिया ओघात आलं.)

दक्षिणवारा

वेदघोष, होती! तुम्ही घर बरोबर शोधलंत, दार चुकलं.

नवव्या शतकातल्या पश्चिम युरोपच्या संगीतग्रंथांत आठ चालींची ओळख करून देताना ‘नोआनोएआने’, ‘नोएआने’ अशी अक्षरं येतात. ही बायझंटाइन, म्हणजे ग्रीक चर्चकडून आलेली. चाल कानात बसवायला गुणगुणायची. रेओमेचा ऑरेलियन नावाचा एक लेखक होता. त्याने या अक्षरांचा अर्थ एका ग्रीक माणसाला विचारला. ग्रीक म्हणाला, यांचं भाषांतर होत नाही, हे आनंदाचे उद्गार आहेत.

हा प्रसंग मला फार आवडतो. परक्या माणसाला वाटतं यात काहीतरी गूढ असणार, आणि घरचा माणूस खांदे उडवतो.

वेदघोष

धन्यवाद. छांदोग्य उपनिषदात तर याच्या उलट घडतं. पहिल्या अध्यायाच्या तेराव्या खंडात एकेका स्तोभाला अर्थ चिकटवलाय: हाउकार म्हणजे हा लोक, हाइकार म्हणजे वायू, अथकार म्हणजे चंद्रमा. शेवटचा तेरावा हुंकार, तो अनिरुक्त, सांगता न येणारा. म्हणजे उपनिषदकारांनी बारांना अर्थ दिला आणि तेरावा सोडून दिला.

तंबोरा

आणि तराणा विसरू नका. तनन, देरेना, तोम्. आपण सगळे निरर्थक म्हणून गात आलो, तर उस्ताद अमीर खाँसाहेबांनी त्यांत फार्सी अर्थ आहेत असा आग्रह धरला. मला स्वतःला अर्थ असला काय नसला काय, त्यांचा तराणा ऐकताना प्रश्नच पडत नाही. पण ‘इवोवाए’ची जात वेगळी हे आता पक्कं. तराणा निरर्थक वाटतो आणि कदाचित असतोही. हा निरर्थक वाटतो आणि त्यात ‘युगानुयुगे’ लपलेलं.

नवाकोरा

मी नवीन सदस्य. ‘सेकुलोरुम’ म्हणजे आपलं सेक्युलर का? विनोद नाही, खरंच विचारतोय.

दक्षिणवारा

त्याच घरातला. सेकुलुम म्हणजे पिढी, युग, मग शतक. पोर्तुगीजमध्ये शतकाला आजही ‘सेकुलु’ म्हणतात. चर्चच्या भाषेत पुढे त्याचाच अर्थ ‘हे जग, हा काळ’ असा झाला, आणि मठाच्या बाहेरचं ते ‘सेक्युलर’. म्हणजे प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीत आणि

व्यवस्थापक

धागा राजकारणाकडे वळण्याआधीच थांबवतो आहे. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला, त्याबद्दल क्षमस्व. व्युत्पत्तीपुरतं चालेल, पुढे नाही.

गिरणगाव

व्यवस्थापकांनी स्वर ठेवून व्यंजनं काढली असती तरी चाललं असतं.

पाऊलवाट

दोन दिवस येता आलं नाही, आणि इथे एवढं सगळं! दक्षिणवारा, देव बरें करूं. आता ते ‘पी-एस’ काय ते सांगा. आणि माझ्या पानावर नेमकं काय आहे?

दक्षिणवारा

तो ताजा कलम नाही, ‘साल्मुस’ म्हणजे स्तोत्र, त्याची लॅटिनमधली पहिली दोन अक्षरं (पी लिहितात, उच्चारत नाहीत).

तुमचं पान रविवारच्या वेस्परमधलं दिसतं. “दिक्सित दॉमिनुस दॉमिनो मेओ, सेदे आ देक्सत्रिस मेइस” म्हणजे “परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणाला, माझ्या उजव्या हाताला बैस”. हा अँटिफन. मग ‘साल्मुस: दिक्सित दॉमिनुस’, म्हणजे आता याच शब्दांनी सुरू होणारं स्तोत्र गा. लॅटिन क्रमांकाने १०९, मराठी बायबलात ११०. स्तोत्र पूर्ण लिहायची गरज नाही, सगळ्यांना पाठ. मग ‘इवोवाए’: गा, पण ओळी अशा संपवा.

तीन गोष्टी, एका ओळीत. स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीसारखं: भात लाव, नेहमीचा, मीठ कमी.

हा अँटिफन सातव्या चालीतला. तंबोरा, सारेगममध्ये कसं सांगाल?

तंबोरा

सातवीचा आधार पांढऱ्या पट्ट्यांवरचा ‘जी’, आणि स्तोत्र म्हणतात तो मुख्य सूर त्याच्यावरचा ‘डी’. म्हणजे जीला सा धरला तर स्तोत्र पंचमावर म्हणायचं आणि मग खाली उतरायचं. वरची स्वरावली काढली तर निषाद कोमल, बाकी शुद्ध. थाट बघितला तर खमाज. पण थाट म्हणजे राग नव्हे, कुणी त्यात ‘तिलंग ऐकू आला’ वगैरे लिहू नका.

पाऊलवाट म्हणाले ठिपके जिन्यासारखे उतरतात. ते पंचमापासून खाली येणं असणार.

दक्षिणवारा

होय. फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या साधूंनी छापलेल्या पुस्तकांत सातव्या चालीचे पाच शेवट आहेत. पहिल्या चालीला नऊ-दहा. दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्याला मात्र एकेकच. तिथे इवोवाए लिहिला नाही तरी गायकाचं अडणार नाही, पण तो लिहितातच, सवयीने. हस्तलिखितांच्या काळात तर प्रत्येक मठाचे शेवट वेगळे. म्हणून आजचे अभ्यासक हस्तलिखित कुठलं हे ओळखायला शेवटांचाही उपयोग करतात. कॅन्टस नावाच्या डेटाबेसमध्ये हजारो अँटिफन नोंदवलेत, त्यात या शेवटांसाठी वेगळा रकाना आहे.

पान एवढं मोठं का, हेही सांगतो. एकच पुस्तक उंच घोडीवर ठेवायचं आणि सगळ्या गायकांनी लांबून त्यात बघून गायचं. आमच्याकडे आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो.

वसईवाला

एक विचारू का? असं पान सुटं विकायला येतं म्हणजे पुस्तक कुणीतरी फाडलं. वाईट वाटतं.

दक्षिणवारा

वाटायलाच हवं. पोर्तुगालमध्ये १८३४ साली पुरुषांचे सगळे मठ सरकारने बंद केले, गोव्यात त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. मठांतलं कितीतरी साहित्य पांगलं. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाचा मनोरा तेव्हा ओसाड पडला, आज अर्धाच उभा आहे. तिथली घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. पाऊलवाटांचं पान अशाच एखाद्या ठिकाणचं असू शकेल, नसेलही. पण पान आता फाटलेलं आहे. निदान कुणीतरी ते वाचतंय.

गिरणगाव

गंभीर झालं म्हणून एक हलकं. दक्षिणवारांचे आजोबा मेस्त्र म्हटल्यावर आठवलं, मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडीलही चर्चमध्ये मेस्त्र होते. आणि गोन्साल्विसांचे शिष्य लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. म्हणजे ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ म्हणत अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभपर्यंत या धाग्याची वाट जाते. वाचनखूण साठवली.

दक्षिणवारा

जाते की! चर्चमध्ये ज्याने सोल्फा घोटला तो मुंबईला गेल्यावर पुढ्यात आलेला कागद पहिल्या नजरेत वाजवायचा, म्हणून स्टुडिओत कामं मिळाली.

आणि लॅटिन अगदी संपलेलं नाही. मे महिन्यात गावातल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादाइन म्हणतात ती कितीतरी ठिकाणी अजून लॅटिनमध्ये असते. पुढचा म्हणतो संतांची नावं, बाकीचे ‘ओरा प्रो नोबिस’. अर्थ विचाराल तर निम्म्यांना सांगता येणार नाही, सूर मात्र दुसरा-तिसरा कुठे लागायचा ते दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक. मग उकडलेले चणे.

शब्दवेडी

चण्यांवर लक्ष आहे. पण पाऊलवाट, पानाला दुसरी बाजू असेल ना? कातडं आहे, दोन्हीकडे लिहिलं असणार. चौकटीने ती झाकलीय.

पाऊलवाट

अरे हो! हे सुचलंच नाही. मागे पुठ्ठा ठोकलाय. रविवारी उघडतो.

दक्षिणवारा

जपून. खिळे ओढू नका, पुठ्ठा कडेने कापा. आणि हाताला तेल-घाम नको. जुना क्रम असेल तर मागच्या बाजूला ‘फिदेलिया’ने सुरू होणारा अँटिफन सापडावा. पैज.

पाऊलवाट

पैज जिंकलात.

सकाळी पुठ्ठा काढला. आत पोर्तुगीज वर्तमानपत्राचा तुकडा होता, फुटबॉलचा. मागची बाजू पुढच्यापेक्षा स्वच्छ, उन्हाने फिकट न झालेली. पहिलं अक्षर निळं, मोठं, वेलबुट्टीचं. वाचलं: “फिदेलिया ऑम्निया मांदाता एयुस, कॉनफिर्माता इन सेकुलुम सेकुली”. आता तर ‘सेकुलुम’ दिसताच मी ओरडलो, मुलीने विचारलं बाबा काय झालं.

शेवटी पुन्हा तीच सहा अक्षरं. पण ठिपके वेगळे! पुढच्या बाजूला जिना सरळ खाली उतरतो. इथे खाली जातात, परत वर चढतात आणि मग येतात. अक्षरं तीच, वाट दुसरी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दक्षिणवारांचं म्हणणं डोक्याने पटलं होतं, आज डोळ्यांनी दिसलं.

दक्षिणवारा

फिदेलिया चौथ्या चालीतला, म्हणून. शब्दांचा अर्थ: “त्याच्या सर्व आज्ञा विश्वसनीय आहेत, युगानुयुग स्थिर केलेल्या.” पुढचं स्तोत्र, मराठीत १११वं.

तंबोरा

चौथी म्हणजे ‘ई’वर आधार, स्तोत्र ‘ए’वर. सा आणि मध्यम. रे ग ध नि कोमल निघतात, भैरवीचा थाट. एका बाजूला खमाजाचे सूर, दुसऱ्या बाजूला भैरवीचे. (राग नव्हे! राग नव्हे!) पाऊलवाट, स्पष्ट फोटो टाका. रात्री पेटीवर काढून ध्वनिमुद्रण पाठवतो, दोन्ही शेवट, आणि प्रत्येकानंतर अँटिफनचा पहिला सूर. सांधा कसा बसतो ते ऐका.

वसईवाला

तंबोरा, तेव्हा शब्द ‘युगानुयुगे आमेन’ वापरा की. एक स्वर जास्त आहे, कुठेतरी बसवा.

तंबोरा

‘नु’ आणि ‘यु’ एकाच सुरावर. झालं.

पाऊलवाट

फोटो टाकलेत. आता घरात नवाच वाद आहे. बायकोला मागची निळ्या अक्षराची बाजू हवी, मला माझी जुनी. काचेवाला म्हणतो दोन्हीकडून काच लावून छताला टांगता येईल, खर्च पानाच्या किमतीएवढा. तोवर दर पंधरा दिवसांनी उलटं करायचं ठरलंय. या पंधरवड्यात फिदेलिया.

गिरणगाव

वहिनींची मुरड योग्य सुरावर पडलेली दिसते.